तोतयाची तक्रार

2024 च्या दिवाळीत कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधील आमच्या चपलांच्या दुकानाच्या नावाने, मी कधीही न उघडलेले एक खाते समाजमाध्यमावर सुरू झाले. त्यावरची छायाचित्रे मात्र आमचीच होती. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या जोडाच्या एका छायाचित्रात तर माझा स्वतःचा हात होता. चामडे कापायच्या रापीने कधीकाळी कापलेल्या अंगठ्यावरचा वण माझ्या मुलाने लगेच ओळखला. आगाऊ रक्कम घ्यायची आणि जोड पाठवायचा नाही, हा त्या खात्याचा धंदा होता, आणि पैसे बुडालेले लोक आमच्या खऱ्या पानावर येऊन मला चोर म्हणत होते.

संतापाच्या भरात मी दोन पानी तक्रार लिहिली, तिच्यात ‘बदनामी’ हा शब्द सात वेळा आला. पोलीस ठाण्यात तिची एन.सी., म्हणजे फक्त अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, झाली. तेव्हा मला ती टोलवाटोलवी वाटली, पण मी लिहिले होते त्यावरून दुसरे काही होणार नव्हते. अब्रुनुकसानी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालील गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. त्याची दाद पीडिताने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे मागायची असते. माझी मुख्य तक्रार खरे तर वेगळीच होती, ती म्हणजे कोणीतरी मी बनून व्यवहार करत होते. पानिपतानंतर उभ्या राहिलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाला तोतया म्हणूनच शिक्षा झाली, भाऊसाहेबांची बदनामी केली म्हणून नव्हे.

कसबा बावड्याच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्या वर्गमित्राने तो कागद वाचून बाजूला ठेवला. “तुझी अब्रू राहू दे, तुझं नाव कुणी वापरलं तेवढं लिही,” असे तो म्हणाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ड संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीचे आहे. कलम 66 क दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा अन्य एकमेव ओळखचिन्ह वापरण्याचे आहे. दोन्हींत 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, आणि दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत. नुसते छायाचित्र ‘ओळखचिन्ह’ ठरते का, यावर वाद घालता येतो (माझा अंगठा त्यात बसावा, असे माझे प्रामाणिक मत आहे), पण लोकांचे पैसे गेले असल्याने 66 ड बद्दल शंका उरत नव्हती. या वेळी गुन्हा नोंदवला गेला. एका परिचिताने ‘66 अ लाव’ असा सल्ला दिला होता. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच रद्द केले आहे.

माझी खरी चूक पुराव्यात झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2021 च्या नियमांत तोतया खात्याविरुद्धच्या तक्रारीवर 24 तासांत कारवाईची तरतूद होती, म्हणून मी आधी खाते बंद करवले आणि मग पुरावा शोधू लागलो. हाती फक्त चार स्क्रीनशॉट होते, त्यांतही खात्याचा पत्ता कापला गेलेला. खात्याचे नाव केव्हाही बदलता येते, त्यामुळे तपासाला खात्याची आणि प्रत्येक मजकुराची पूर्ण लिंक लागते. काढलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे, त्यानेच मला तारले. स्क्रीनशॉट न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाल्यास बदलणारा, तिच्यावरून काढलेला सांकेतिक क्रमांक) नमूद करायचे असते, आणि त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून मूळ फाइल ज्या फोनवर आहे तो फोन विकू नये.

मला चोर म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पैसे खरोखर गेले होते. त्यांच्यावर खटला भरणे मला लाजिरवाणे वाटले; मी त्यांना 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करायला सांगितले, आणि त्यांतले तिघे पुढे माझे साक्षीदार झाले. ओळखीचा एक व्यापारी मात्र, खरा प्रकार माहीत असूनही, तोच आरोप महिनाभर पसरवत राहिला. त्याच्याविरुद्ध बदनामी हा शब्द अखेर योग्य जागी वापरता आला. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून 1 वर्ष असते, फौजदारी तक्रारीची 3 वर्षे. वकिलाची नोटीस जाताच त्याने मजकूर काढला, पण माफी मागितली नाही. दाव्याचे वर्ष मी जाऊ दिले, कारण प्रत्येक तारखेला दुकान बंद ठेवणे मला परवडणारे नव्हते. फौजदारी तक्रारीचा मसुदा वर्गमित्राकडे तयार आहे, आणि तिची मुदत अजून संपलेली नाही.