तुम्ही विचारलंत म्हणून : फुकट काम कशासाठी करायचं?

भारतातून नुकतंच टोरांटोकडे आलेलं कुणी भेटलं की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. ‘ताई, जो तो व्हॉलंटियरिंग करा म्हणतो. घरभाडं आहे, आणलेले पैसे संपत चाललेत, मग फुकट कशासाठी राबायचं? त्यानं नोकरी लागते का?’ मागच्या आठवड्यात मिसिसागात साताऱ्याच्या एका जोडप्यानं हेच विचारलं. तेव्हा घाईत काहीतरी बोलून गेले, आता नीट लिहिते.

त्यानं नोकरी लागतेच असं नाही. मला मात्र त्यातूनच लागली.

सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात मी अकरा वर्षं होते. तिथे स्वतःबद्दल कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. पेठेतले निम्मे दुकानदार ओळखायचे. नोकरी बदलायची म्हटलं असतं तर एका फोनवर कुणीतरी शब्द टाकला असता. २०१७ च्या ऑक्टोबरात इथे आले आणि लक्षात आलं, की या अख्ख्या देशात माझं काम डोळ्यांनी पाहिलेलं एकही माणूस नाही. डिग्रीचं मूल्यांकन झालेलं होतं, अनुभवाची पत्रं होती, तरी मुलाखतीच्या शेवटी ‘इथले दोन रेफरन्स द्या’ म्हटलं की मी गप्प. जाहिरातींतही ‘कॅनेडियन अनुभव हवा’ असं सरळ छापलेलं असायचं. ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, १ जानेवारी २०२६ पासून २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना जाहिरातीत ही अट घालायला बंदी आहे. फार चांगलं झालं. पण कायद्यानं जाहिरातीतली ओळ गेली, तरी आपल्यासाठी शब्द टाकणारं माणूस कायदा देत नाही. ते आपल्यालाच मिळवावं लागतं.

मला ते टॅक्स क्लिनिकमध्ये मिळालं. कमी उत्पन्नाच्या लोकांची टॅक्स रिटर्न्स मोफत भरून देणारी ही केंद्रं. कॅनडाच्या महसूल खात्याचा हा उपक्रम १९७१ पासून चालू आहे. स्थानिक संस्था केंद्र चालवतात आणि रिटर्न भरतात ते सगळे स्वयंसेवक. मार्च-एप्रिलमध्ये गर्दी असते, कारण बहुतेकांची मुदत ३० एप्रिलला संपते. आमचं केंद्र लायब्ररीच्या एका खोलीत होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी एक आजोबा आले. उत्पन्नाच्या सगळ्या स्लिपा ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत, तोंडाशी रबर लावलेला. पेन्शनवर मिळणारा पूरक भत्ता मागच्या जुलैपासून बंद झाला होता आणि का, ते त्यांना कळत नव्हतं. हा भत्ता दर जुलैला पुढे चालू राहतो तो बहुतेक वेळा भरलेल्या रिटर्नच्या आधारावर. त्यांनी आदल्या वर्षी रिटर्न भरलंच नव्हतं. घरातली सगळी कागदपत्रं बायको बघायची आणि ती गेली होती. फॉर्मवर वैवाहिक स्थितीचा रकाना असतो, ती बदलली असेल तर तारीखही घालावी लागते. मी तारीख विचारली. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले आणि थांबले. मागे रांग होती, पण आमच्या कोऑर्डिनेटर बाईंनी खुणेनंच सांगितलं, राहू दे, घाई नको.

त्याच पिशवीत एक स्लिप निघाली, तशी मी कधी पाहिली नव्हती. सांगलीत पार्टीसमोर ‘माहीत नाही’ म्हणायची आमची पद्धत नव्हती. वेळ मारून न्यायची, मग आत जाऊन साहेबांना विचारायचं. इथे ट्रेनिंगमध्येच बजावलं होतं, खात्री नसेल तर आकडा टाकायचा नाही. मी आजोबांना म्हटलं, हे मला विचारून घ्यावं लागेल. ते शांतपणे ‘हो’ म्हणाले. दोन वर्षांची रिटर्न्स भरून झाली तेव्हा दुपार टळली होती.

जूनमध्ये एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात मुलाखत झाली. या वेळी रेफरन्स होता. रुजू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी माझ्या मॅनेजरनं सांगितलं, की क्लिनिकच्या कोऑर्डिनेटर बाई फोनवर म्हणाल्या होत्या, ‘अडलं की विचारते, अंदाजानं आकडा टाकत नाही.’ माझ्या अकरा वर्षांच्या पत्रांत लिहिलेलं नव्हतं ते हे एक वाक्य होतं, आणि ते इथल्या माणसानं इथल्या माणसाला सांगितलेलं होतं.

आता सावध करायच्या गोष्टी, कारण या नावाखाली लोकांना पिळतातही. त्याच हिवाळ्यात एका खासगी फर्मनं मला ‘तीन महिने व्हॉलंटियर म्हणून या, मग बघू’ असं सांगितलं होतं. काम काय, तर रोजची बुककीपिंग. धंद्यासाठी कर्मचाऱ्याचं काम करून घ्यायचं तर ऑन्टारियोत किमान वेतन द्यावंच लागतं, मग त्याला नाव काहीही द्या. तिथे जाऊ नका. सेवा करायची ती ना-नफा संस्थेत, ठरलेल्या तासांपुरती. दुसरं म्हणजे कायम राहण्यासाठी ज्या एक्स्प्रेस एंट्री योजनेतून अर्ज करतात, तिथल्या कॅनेडियन अनुभवात बिनपगारी तास धरत नाहीत. पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, अनुभव जमा होईल या आशेवर कुणी महिने घालवू नयेत.

मराठी मंडळात काम करा, जरूर करा. गणपतीत पानं वाढताना मला जितकं घरच्यासारखं वाटलं तितकं इथे दुसरीकडे कुठे वाटलं नाही. पण फक्त तिथेच राहिलात तर कान इथल्या बोलण्याला सरावत नाहीत. फोनवर जमैकन आजी काय म्हणतात ते पहिल्या फटक्यात कळायला मला दोन एप्रिल लागले, आणि आज नोकरीत तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

साताऱ्याच्या वहिनींचं बी.फार्म. झालंय. फार्मसिस्टचं लायसन्स सेवा करून मिळणार नाही, त्याच्या परीक्षा वेगळ्या आणि त्या द्याव्याच लागतील. पण अभ्यास चालू असताना आठवड्यातले चार तास हॉस्पिटलच्या स्वयंसेवक विभागात काढता आले, तर विचारून पाहावं. आणि दादा, तुम्ही बँकेतले. तुमच्यासाठी टॅक्स क्लिनिकच. पोलिस तपासणीचा कागद लागतो, तो आधी मागवून ठेवा. मी डिसेंबरात अर्ज केला होता, तरी हातात यायला फेब्रुवारी उजाडला. शनिवारी मी अजूनही त्याच लायब्ररीत असते. पहिले दोन शनिवार माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसा.