मे महिन्यात मी घरीच का असते

होळी झाली की फोन सुरू होतात. "काय वहिनी, यंदा सुट्टीत कुठे?" कुठेच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अहो, कर्जतच्या उन्हात घरी बसून करता तरी काय? माथेरान समोर आहे तुमच्या!"

समोर आहे खरं. गच्चीवरून तो डोंगर दिसतो. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी वर जाते आणि मे महिन्यात त्या गाडीची रांग बघूनच दमायला होतं. पण गर्दी हे काही माझं कारण नव्हे. आता विचारलंतच म्हणून सांगते, माझं कारण परसात आहे. आंबा कच्चा उतरवून आढीत घालता येतो, फणस कोपऱ्यात ठेवून द्यावा, आपण गावाला जाऊन यावं, तो आपला पिकत बसतो. तुती, फालसा, करवंद आणि जांभूळ यांना हे जमत नाही. झाडावर पिकायचं आणि दोन दिवसांत संपायचं, एवढंच त्यांना ठाऊक. ती खायची तर माणसाने घरी असायला हवं.

सुरुवात तुतीपासून होते. जानेवारीत आम्ही तिची छाटणी करतो आणि उरलीसुरली पानंही ओरबाडून काढतो. बघणाऱ्याला वाटतं झाड मारलं. महिनाभरात डोळे फुटतात आणि नव्या पालवीबरोबरच हिरवे, केसाळ तुरे दिसायला लागतात, कारण तुतीला फळ येतं ते नव्या फुटव्यावर. जुनं लाकूड जपत बसलं तर सावली मिळेल, फळ बेताचंच. मार्चमध्ये तुरे लाल होतात आणि इथेच पाहुणे फसतात. लाल तुती आंबट असते. ती काळी होऊ द्यावी लागते, इतकी काळी की बोट लागताच हातात यावी. ओढावी लागली तर ती अजून झाडाची आहे, आपली नाही.

आणि हातात आली की लगेच तोंडात. पाटीत दोन थर झाले की खालचा थर रस सोडतो. म्हणूनच बाजारात तुती फारशी दिसत नाही. दिसलीच तर अर्धी लाल असते, कारण तशीच ती प्रवास सोसते. डागांची ओरड सगळ्यांची असते. त्यावर घाईने साबण लावला की डाग आणखी निळा पडतो. आधी लिंबू चोळावं, तो परत लाल होतो आणि मग बराचसा निघतो. बराचसा म्हणतेय, सगळा नाही. आमच्याकडे तुतीचे कपडे वेगळे ठेवलेले आहेत.

"एवढी हौस आहे तर स्ट्रॉबेरी का लावत नाही?" हा त्यातलाच पोटप्रश्न. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, आम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या हवेमुळे आणि मातीमुळे. आमच्या एप्रिलच्या उन्हात ती रोपं माना टाकतील. शिवाय स्ट्रॉबेरी एकदा तोडली की पुढे गोड होत नाही, रंग तेवढा चढतो. लांब पाठवायची म्हणून लवकर तोडलेली स्ट्रॉबेरी दिसते सुंदर आणि लागते आंबट. मला ती तिथे जाऊन, शेतात उभं राहून खायला आवडते. इथे नको.

फालसा एकच झुडूप आहे, नर्सरीतून आणलेलं. वाटाण्याएवढी जांभळी फळं, एका घोसातली चार आज पिकणार, दोन उद्या, बाकीची त्यांच्या मर्जीने. रोज वाटीभर जमतात. आठवड्यातून एकदा सरबत होतं, काळं मीठ आणि जिरेपूड घालून. बियांचा चोथा गाळताना हात दुखतात आणि शेवटी चार पेले हाती लागतात. हिशेबी माणसाने फालसा लावू नये.

करवंदांचं मात्र मला विस्ताराने सांगू द्या.

कुंपणाला करवंदीची जाळी लावली ती काटे हवे होते म्हणून. एकदा रुजली की पाणी मागत नाही, मुरमात वाढते, गुरं आत घुसत नाहीत. बी ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळवून ठेवलेलं रुजेलच असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं येतात आणि संध्याकाळी मोगऱ्याला विसरावं असा वास सुटतो. मग हिरवी करवंदं. ती तोडताना देठातून पांढरा चीक येतो, बोटांना आधी गोडंतेल लावलं की तो चिकटत नाही. त्यातली काही लोणच्याला जातात, काही हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर चटणीला. कैरी महाग असेल त्या वर्षी ही चटणी आमटीभाताला तारून नेते.

पिकायला लागतात एप्रिलच्या अखेरीस. भाचरं आली की पहिल्याच सकाळी कोंबडा-कोंबडी सुरू. कोंबडा की कोंबडी ते आधी ओळखायचं, मग करवंद अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, हरणाऱ्याने आपलं पुढचं करवंद द्यायचं. मोबाइलवर वाढलेली मुलं या खेळात तासभर रमतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ओठ चिकाने चिकट होतात म्हणून आम्ही करवंदं थोडा वेळ मिठाच्या पाण्यात टाकतो. मुलं तेवढं थांबत नाहीत.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' नावाची मोठ्या फळाची जात काढली आहे. लोणच्याला ती चांगली, निवडायला सोपी. खायला मात्र मला रानातलंच करवंद लागतं. म्हणून घरची जाळी असूनही स्टेशनबाहेर बसणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायांकडून मी पळसाच्या पानाच्या द्रोणातली करवंदं घेतेच. कातळावरच्या, कुणी पाणी न घातलेल्या जाळीची गोडी माझ्या कुंपणाला येत नाही. त्या पहाटे अंधारात डोंगर चढतात, काट्यांतून हात घालतात आणि दुपारपर्यंत माल विकावा लागतो, कारण उद्या तो राहणार नाही. तिथे भाव करणाऱ्यांचा मला राग येतो.

आता पाखरं. "जाळं का टाकत नाही?" असं शेजारचे काका दर वर्षी विचारतात. नायलॉनच्या जाळ्यात बुलबुलाचे पाय अडकतात, म्हणून नाही टाकत. शिवाय बुलबुलांची घरटी त्याच करवंदीत असतात. त्यांच्या घरात त्यांनाच बंदी कशी करायची? तुतीच्या वरच्या फांद्या त्यांच्या, हात पोहोचतो तिथवर आमच्या. कोकीळ दिवसभर ओरडतो आणि मधूनच येऊन पिकलेलं तेवढं नेमकं उचलतो. जांभळांवर रात्री वटवाघळं असतात, सकाळी अंगणभर बिया. कुंपणाबाहेर आपोआप उगवलेली तुतीची रोपं कुणी पेरली, हे सांगायला नको.

उन्हाचं म्हणाल तर ऊन असतंच. सकाळी सातच्या आत पाणी घालून होतं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी फालशाच्या आळ्यात जातं आणि आळ्यांवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो, त्यामुळे ओल टिकते. अकरानंतर बागेत कुणी जात नाही. दुपारी पंख्याखाली करवंदं निवडायची. जरा जास्त झाली की त्यांची जेली होते, आणि ती घट्ट करायला बाहेरचं काहीच लागत नाही, फळातच पुरेसं पेक्टिन असतं. साखर घातली, आटवली, झाली.

जांभळं सगळ्यात शेवटी, मेच्या अखेरीला. पालघरकडच्या बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये मानांकन मिळालं. आमचं झाड त्या घराण्यातलं नाही, बी मोठी आणि गर बेताचा. तरी चादर धरून फांदी हलवायला चौघं लागतातच.

तेव्हा मी कुठे जात नाही, तुम्हीच या. तुती हवी असेल तर मार्चच्या शेवटी, करवंदं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. वळीव होऊन गेला असेल तर करवंद फोडून बघून खा, पावसानंतर आत अळी असते. जुने कपडे घाला. आणि न्यायचं असेल तर पसरट डबा आणा, पिशवी नको. कर्जतहून दादरला पोहोचेपर्यंत पिशवीतल्या तुतीचं सरबत झालेलं असतं.