मोबाईल आहे, मग शिकवता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. लग्नात, पालकसभेत, आमच्याच स्टाफरूममध्येसुद्धा हा प्रश्न येतो, की मॅडम, आता मोबाईलवर सगळं शूट होतं, एडिटिंग यूट्यूबवर शिकता येतं, मग कॉलेजात फिल्ममेकिंग शिकवता म्हणजे नक्की काय शिकवता?

कॅमेरा चालवायला मी शिकवत नाही. ते पोरं आपापलं शिकतात, आणि चांगलं शिकतात. पूर्वी ३५ एमएमचा ४०० फुटांचा रोल जेमतेम साडेचार मिनिटं चालायचा, त्यामुळे बटण दाबायच्या आधी विचार करणं भागच होतं. रशियात क्रांतीनंतर कच्ची फिल्म मिळेना तेव्हा कुलेशॉव्ह या दिग्दर्शक-शिक्षकानं विद्यार्थ्यांना घेऊन कच्च्या फिल्मशिवायच, नुसत्या अभिनयातून, फिल्म बसवल्या. आता पोरगं एका दुपारी अख्खं कार्ड भरून आणतं आणि म्हणतं, बघू एडिटला. म्हणून पहिल्या सेमिस्टरला मी मोजून दहा शॉट देते, रिटेक नाही. फाळक्यांनी १९१२ साली, पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी, कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम करत टिपलं होतं, ते सांगते. मुलांना कंटाळा येतो. येऊ दे, एकच गोष्ट रोज जाऊन बघायची सवय लागायला हवी.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे नाहीच.

एक मुलगा होता, बीडकडचा, घरात पिढीजात ऊसतोड. डॉक्युमेंटरीसाठी तो दिवाळीनंतर मावशीच्या टोळीबरोबर फडावर गेला. त्यानं जे शूट करून आणलं तसं माझ्या वर्गात कुणीच आणलेलं नव्हतं. पहाटेची कोपी, म्हणजे त्यांची फडावरची झोपडी, पाचटाचा धूर, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बायका. आणि मावशीची मुलाखत. ती चुलीपुढे बसून, हात चालू ठेवून, मुकादमाचं, म्हणजे आगाऊ उचल देऊन टोळीला कामावर नेणाऱ्याचं, नाव घेऊन सांगते की ती उचल फिटत का नाही, आणि विचारायला गेल्यावर त्यानं तिच्या नवऱ्यावर हात कसा उचलला. मी तो भाग बघितला आणि बराच वेळ बोलले नाही.

आठवड्याभरानं मावशीचा त्याला फोन, ते मुकादमाचं काढ रे बाबा, पुढच्या साली त्याच्याकडेच जायचंय.

तो म्हणाला, मॅडम, रिलीज फॉर्मवर, शूट वापरायच्या परवानगीवर, तिची सही आहे. मी म्हटलं, सही आहे, पण ती आता नको म्हणतेय ना. मग चेहरा ब्लर करतो, आवाज बदलतो. अरे, पण कुठल्या कोपीपुढे कोण बसतं हे अख्ख्या टोळीला पाठ असतं, तुझं ब्लर फक्त आपल्या ऑडिटोरियमपुरतं. तेव्हा तो चिडला. म्हणाला, ही माझी मावशी आहे, माझी आई पण तेच करते, तुम्ही कधी फडावर राहिलात का, सगळेच भिऊन काढायला लागले तर सांगणार कोण. आणि मग हळू म्हणाला, तुम्ही मुकादमाची बाजू घेतलीत.

मी तरीही काढायला लावलं. फिल्म नीटनेटकी झाली, तिला बक्षीसही मिळालं, तो घ्यायला आला नाही, माझ्या तासालाही नंतर आला नाही.

मी विद्यार्थी होते तेव्हा मी तो शॉट ठेवलाच असता आणि काढा म्हणणाऱ्या मास्तरांशी भांडले असते. त्या वयातल्या मला आज मी सांगते, की फिल्म संपल्यावर तू हॉस्टेलवर परत येणार आणि ती बाई तिथंच राहणार. त्या वयातली मी मला विचारते, मग त्या बाईचं म्हणणं कुणाच्याच कानावर पडायचं नाही का? गप्प बसून त्या बाईला काय मिळालं? यावर माझ्याकडे जे आहे ते पुरत नाही. त्या दिवशी मला मावशीची जास्त काळजी होती की कॉलेजवर काही येईल याची, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तो शॉट पुन्हा समोर आला तर मी पुन्हा काढच म्हणेन.

तर मी हे शिकवते. कुठल्याही मोबाईलनं तो शॉट मिळाला असता. तो ठेवायचा की नाही, कुणाला विचारून, आणि नाही म्हटलं तर काय करायचं, यावर तीस जणांनी एका खोलीत बसून भांडावं लागतं, आणि ती खोली म्हणजे माझा वर्ग.

आता नियम केलाय, फायनल कट आधी ज्यांना शूट केलं त्यांना दाखवायचा. मुलं कुरकुरतात, डेडलाइन जाते म्हणतात. यंदा एकीनं विचारलं, मॅडम, शूटमध्ये मुकादम पण असेल तर त्यालाही दाखवायचा का? पुढचे दोन तास आम्ही त्यावरच घालवले, घंटा झाली तरी पोरं उठेनात, आणि ठरलं काहीच नाही.