रंगाचे दोन हात

समुद्र आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रत्नागिरीकडे हे कौतुकानं सांगतात, पण ते कौतुक घरातल्या लोखंडाला विचारावं. खिडकीचे गज, विहिरीवरचा रहाट, कडीकोयंडे, दर पावसाळ्यानंतर सगळ्यांचे तांबूस पापुद्रे सुटतात. जीप तर चार महिने झापांच्या मांडवाखाली उभी. दसऱ्याला धुवायला काढली, खाली वाकून बघितलं आणि उगाच बघितलं असं झालं.

जुनी महिंद्रा, चारही चाकांना कमानीचे पाटे. पाट्यांच्या फटीत गंज धरलेला. गंजाची खोड अशी, की ज्या लोखंडाला तो खातो त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा स्वतः अडवतो. एकावर एक निजलेले पाटे त्यानं पाचर ठोकावी तसे फाकवले होते. खड्ड्यात करकर वाजायचं ते हे. मी इतके दिवस सीटला दोष देत होतो.

गॅरेजमधला आकडा ऐकला आणि काम घरीच करायचं ठरवलं. गावच्या मेस्त्रींनी दोन गोष्टी बजावल्या. पाट्याला वेल्डिंग लावायचं नाही आणि पाटा अ‍ॅसिडात बुडवायचा नाही. पहिल्याचं कारण त्यांनीच दिलं, "पाणी उतरतं," म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो. दुसऱ्याचं मी शोधलं. अ‍ॅसिडामुळे सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, मग तो पाटा न वाकता एखाद दिवशी सरळ तडकतो. म्हणजे राहिला तारेचा ब्रश आणि दंड.

पाट्यांचा गठ्ठा चाकांच्या आसाला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांना दोन रात्री डिझेल पाजलं. तीन सुटले, चौथा करवतीनं कापला. यू-बोल्ट तसेही नवेच घालायचे होते, एकदा ताणलेला पुन्हा तसा धरत नाही. पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी गठ्ठा क्लॅम्पमध्ये आवळला. लांब पाट्यापेक्षा आखूड पाट्याला बाक जास्त, त्यामुळे बोल्ट निघाला की गठ्ठा उसळतो. हे ऐकून माहीत होतं, तरी शेवटचा आटा सुटताना मी तोंड फिरवलंच.

शेजारचे काका गडग्यावरून बघत होते. "टाकणार असशील तर एक दे हो. कोयता करून घेतो." पाट्याच्या कोयत्याला धार टिकते हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. काका रोज चौकशीला यायचे, आणि पाटे साफ होत गेले तसा त्यांचा चेहरा पडत गेला.

दोन दिवस घासलं. चष्मा, तोंडाला फडकं, तरीही शिंक लाल. न्हाणीतून वाहणारं पाणी बघून आईनं विचारलं, "कुठे कापलं का रे?" पाटे एकमेकांवर घासतात त्या बाजूंना रंग नको, तिथे ग्राफाइट ग्रीस. बाकीच्या अंगाला आधी रेड ऑक्साइड, मग काळा.

डबा उघडला आणि हसू आलं. दोन दिवस खरवडून काढलेला तोच रंग! रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच, गंजाचा सख्खा भाऊ. गेरूही त्याच घरातला, आणि अंगणातला जांभाही त्याच्याचमुळे लाल. अख्खं कोकण गंजलेलं, आणि मी नऊ पाटे घेऊन बसलोय.

आई मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"एवढा डबा त्या खटाऱ्याला?"

तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि वृंदावनाचा गेरू पावसानं पार धुऊन नेलेला. तिनं ब्रश मागितला नाही, घेतला. चार बाजू, कोनाडा, वरची कड, सगळं निगुतीनं. वाळल्यावर पुन्हा एकदा.

वृंदावनाला दोन हात बसले. मागच्या उजव्या पाट्यांपर्यंत येता येता डब्याचा तळ लागला, तिथे एकच हात आहे, तोही टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. वरून काळा मारलाय, त्यामुळे मेस्त्रींना अजून कळलेलं नाही.