सत्तावीस पौंडांचं बिल आणि घराचं कर्ज

अर्जात नाव ठेवायला कुठे जागा नव्हती. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको एनएचएसच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात नर्स. दोघांच्या नोकऱ्या कायम, घरासाठी आधी भरायच्या डिपॉझिटचे पैसे बँकेत जमा, क्रेडिट कार्डाचा एकही हप्ता चुकलेला नाही. तरीही बँकेने कर्ज नाकारलं, आणि कारण म्हणून आलं एक कोरडं वाक्य: क्रेडिट रिपोर्टमधली नोंद.

मी लंडनच्या पश्चिमेला, स्लाउमध्ये घरकर्जाची सल्लागार आहे. इकडे आपली मराठी माणसं बरीच, आणि नव्याने आलेल्यांची अडचण बहुतेक सारखीच असते. भारतातला सिबिलचा इतिहास इथे कामाला येत नाही, पाटी कोरी. त्यामुळे महिना-बिलाचा मोबाइल ही पुष्कळांची रिपोर्टवरची पहिली ओळ ठरते. प्रीपेड सिम तिथे दिसत नाही, कॉन्ट्रॅक्ट दिसतं. हँडसेट हप्त्यांवर घेतला असेल तर ते रीतसर कर्जच, आणि काही कंपन्या हँडसेट आणि टॉकटाइमच्या दोन वेगळ्या ओळी दाखवतात. वेळेवर बिल भरत राहिलं तर या ओळी फायद्याच्याच असतात. (आणखी एक सांगते, कारण हे कोणी सांगत नाही: भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे म्हणून इथल्या मतदारयादीत नाव घालू शकतात. पत्त्याची खात्री पटायला त्याचा मोठा उपयोग होतो.)

नकार आल्यावर नवऱ्याचा पहिला विचार होता दुसऱ्या बँकेत अर्ज टाकायचा. मी थांबवलं. प्रत्येक पूर्ण अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते, आणि पाठोपाठ तीन-चार दिसल्या की पुढची बँक आणखी बिचकते. आधी रिपोर्ट बघू म्हटलं.

“ताई, रिपोर्ट मी दर महिन्याला बघतो. अ‍ॅपवर सगळं हिरवं आहे.”

“अहो, ते अ‍ॅप एकाच संस्थेचा रिपोर्ट दाखवतं. इथे एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन अशा तीन आहेत, आणि प्रत्येक कंपनी तिघींना माहिती देतेच असं नाही.”

तिन्ही रिपोर्ट फुकट मिळतात. ते दोघे त्याच संध्याकाळी माझ्या ऑफिसात बसले आणि आम्ही एकेक उघडला. दोन स्वच्छ. तिसऱ्यात खाली, गाडीच्या विम्याच्या हप्त्यांनंतर, एका मोबाइल कंपनीची ओळ. महिन्यांचे चौकोन होते: शून्य, शून्य, शून्य, बराच काळ शून्यच. मग १, २, ३, ४, म्हणजे तितके महिने बिल थकलेलं. आणि त्यानंतर ८, म्हणजे डिफॉल्ट, पैसे बुडवल्याची खूण. थकबाकी २७ पौंड.

बायको नुसती त्या आठच्या आकड्याकडे बघत राहिली. “सत्तावीस?” एवढंच म्हणाली.

घडलं होतं ते असं. त्याने स्वस्त प्लॅनसाठी कंपनी बदलली. ६५०७५ वर मेसेज पाठवून नंबर सोबत नेण्याचा कोड मिळवला, नंबर नव्या कंपनीकडे गेला, जुनं खातं आपोआप बंद झालं. मग बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन त्याने जुना डायरेक्ट डेबिटही, म्हणजे खात्यातून बिल आपोआप भरलं जाण्याची सोय, काढून टाकला. पण शेवटचं बिल खातं बंद झाल्यावर निघतं. त्यात उरलेल्या दिवसांचे पैसे होते आणि सांगलीला आजीला केलेले फोन. आजी व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत. त्याच सुमारास हे दोघे रेडिंगहून स्लाउला राहायला आले. बिल, स्मरणपत्रं, शेवटची नोटीस, सगळं रेडिंगच्या दारात पडत राहिलं.

बँकेचं संगणकीय गणित रक्कम किती हे पुष्कळदा बघतच नाही. खूण दिसली की अर्ज बाहेर. काही बँका मोबाइलचे किरकोळ डिफॉल्ट सोडून देतात, पण यांना परवडणारा व्याजदर देणारी बँक त्यातली नव्हती. आता पैसे भरले तरी नोंदीपुढे ‘फेडलं’ एवढंच लागणार, आणि डिफॉल्टच्या तारखेपासून सहा वर्षं ती तशीच राहणार. सहा वर्षं! पस्तिशीतल्या जोडप्याला हे सांगताना मला फार जड गेलं.

मी विचारलं, पत्ता बदलल्याचं कंपनीला कळवलं होतं का? तो म्हणाला, कळवलं असणार. मग दोघे आपापल्या फोनमधले जुने मेल चाळायला लागले. बऱ्याच वेळाने बायकोला सापडलं: ‘तुमचा पत्ता बदलला आहे’ असा त्याच कंपनीचा मेल, शेवटचं बिल निघण्याच्या आधीचा. म्हणजे नवा पत्ता कंपनीकडे होता आणि तरी पत्रं जुन्या पत्त्यावर गेली. डिफॉल्ट नोंदवण्याआधी ग्राहकाला निदान २८ दिवसांची सूचना द्यायची असते. ती योग्य पत्त्यावर गेलीच नव्हती.

त्याने २७ पौंड लगेच भरले आणि आम्ही तक्रार लिहिली, मेलची प्रत जोडून. पहिलं उत्तर ठरीव होतं: नोंद बरोबर आहे, बदलणार नाही. मला राग आला. माणूस पैसे बुडवायला निघालेला नव्हता. त्याच कंपनीचं बिल त्याने आधी न चुकता भरलं होतं, ते चौकोन सगळ्यांसमोर होते. दुसऱ्या पत्रात आम्ही तारखा ओळीने मांडल्या आणि स्पष्ट लिहिलं की चुकीची नोंद दुरुस्त झाली नाही तर मोबाइल कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे आणि वैयक्तिक माहितीच्या वापरावर देखरेख ठेवणाऱ्या माहिती आयुक्तांकडे जाऊ. सोबत रिपोर्टवर जोडायचा खुलासाही तयार ठेवला; कायद्याने तो दोनशे शब्दांपर्यंत देता येतो आणि अर्ज तपासणाऱ्याला तो वाचावा लागतो.

खुलाशाची वेळ आली नाही. कंपनीने डिफॉल्ट मागे घेतला, खातं ‘बंद, बाकी शून्य’ असं दिसायला लागलं. त्याच बँकेत तेच कागद पुन्हा दिले आणि कर्ज मंजूर झालं. स्लाउमधल्या लँगली भागात त्यांनी आधी पसंत केलेलं घर तोवर दुसऱ्याने घेतलं होतं. त्याच रस्त्यावर पुढे दुसरं मिळालं, थोडं महाग. नव्या ग्राहकांकडे मी आता पगाराच्या स्लिपांबरोबर इथे वापरलेल्या सगळ्या जुन्या मोबाइल कंपन्यांची नावंही मागते.