गॅटविकची 12 मीटरची धावपट्टी आणि माझा अर्ज

सगळे ‘नवी धावपट्टी’ म्हणतात, पण लंडनच्या गॅटविक विमानतळाला ती आधीपासूनच आहे. मुख्य धावपट्टी बंद असली की वापरायची, अशी उत्तरेकडची एक. दोन्ही इतक्या जवळ आहेत की एकाच वेळी वापरता येत नाहीत. म्हणून हिची मध्यरेषा 12 मीटर उत्तरेला सरकवायची आणि लहान विमानं तिथून उडवायची, एवढाच बेत. 12 मीटर म्हणजे विमानतळाशेजारच्या आमच्या हॉर्ली गावातल्या चिकटून असलेल्या दोन घरांची रुंदी! त्यासाठी 2023 च्या उन्हाळ्यात विमानतळाचा अर्ज गेला आणि सरकारची मंजुरी आली सप्टेंबर 2025 मध्ये. पूर्ण लांबीची शेवटची नवी धावपट्टी या देशाने 2001 मध्ये मँचेस्टरला सुरू केली, याचं मग नवल वाटत नाही.

मला यात बोलायचं होतं. असे प्रकल्प तपासणाऱ्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेट या सरकारी संस्थेच्या वेबसाइटवर मुदतीत नाव आणि थोडक्यात म्हणणं नोंदवलं की तुम्ही ‘इंटरेस्टेड पार्टी’, म्हणजे प्रक्रियेत भाग घेणारे, होता. घर मालकीचं नसलं, पासपोर्ट भारतीय असला तरी कुणी अडवत नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्याचं पत्र येतं.

माझी पंचाईत वेगळीच होती. एअर इंडियाने 2023 मध्ये गोवा ते गॅटविक थेट विमान सुरू केलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्याच घरात झाला होता. आता त्याच विमानतळाविरुद्ध कसं लिहायचं? शेवटी विरोधही लिहिला नाही आणि पाठिंबाही नाही. रात्रीची उड्डाणं, घरांच्या खिडक्यांना आवाजरोधक काचा आणि जादा प्रवासी गाडीऐवजी ट्रेनने कसे येणार, एवढंच विचारलं. शेजारच्या आजोबांनी मात्र पानभर संताप ओतला होता. वाचायला मजा आली, पण त्यात निरीक्षकांनी उत्तर मागावं असं काही नव्हतं.

फेब्रुवारी ते ऑगस्ट 2024, सहा महिने परीक्षण चाललं. कागदपत्रं हजारो पानांची. मी फक्त आवाजाची आणि वाहतुकीची प्रकरणं उघडली. खुल्या सुनावणीत प्रत्येकाला मोजकी मिनिटं मिळतात, उलटतपासणी होत नाही. लेखी म्हणण्याचं वजनही तेवढंच असतं, त्यामुळे कामावर सुटी काढायची गरज नव्हती, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

निरीक्षकांनी मूळ प्रस्ताव आहे तसा मंजूर करू नये असं सुचवलं, सोबत अटींसह पर्यायही दिला. त्यात आवाजाच्या अटी अधिक कडक होत्या. माझ्या लेखी म्हणण्यामुळे असं मी म्हणणार नाही, पण तेच मुद्दे बऱ्याच जणांनी मांडले होते.

लंडनच्याच हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीचं धोरण संसदेने 2018 मध्येच 415 विरुद्ध 119 मतांनी मान्य केलंय, खोदकाम अजून नाही. तिचा अर्ज येईल तेव्हा हीथ्रोजवळच्या हाउन्स्लो आणि हेजच्या मराठी मंडळींनी नोंदणीच्या मुदतीवर लक्ष ठेवा, आणि म्हणणं मुद्द्यांत लिहा.