अंगठा वर

कुडाळात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. महिन्यातून एखादा शनिवार मी ते बंद ठेवतो आणि डार्थ वेडर होतो. ‘स्टार वॉर्स’मधला तो खलनायक, काळा झगा, काळं शिरस्त्राण, छातीवर दिव्यांची पेटी. शाळांची विज्ञान प्रदर्शनं, रक्तदान शिबिरं, वाचनालयांचे बालमेळावे, किनारा स्वच्छता, बोलावतील तिथे जातो. पैसे घेत नाही. अमेरिकेत अल्बिन जॉन्सन याने १९९७ मध्ये याच सिनेमातल्या खलनायकांचे वेश करणाऱ्यांचा ‘५०१ लीजन’ नावाचा गट सुरू केला. त्यातली माणसं जगभर रुग्णालयांत आणि मदतनिधीच्या कार्यक्रमांत फुकट उभी राहतात. मी त्यांचा सभासद नाही, पण त्यांच्याबद्दल वाचूनच मी सुरुवात केली. त्यातले दोन नियम मी स्वतःला घालून घेतलेत. घाबरलेल्या मुलाकडे आपण होऊन जायचं नाही. आणि मुलांसमोर शिरस्त्राण काढायचं नाही. दुसरा नियम सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मोडला गेला, साठ-सत्तर मुलांसमोर. ते बरोबर की चूक, हा माझा प्रश्नच नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्या मुलामुळे पडला.

आधी वेशाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बाहेरून दिसतो तो एक माणूस, पण १९७७ च्या त्या सिनेमात वेडर एकट्याचा नव्हताच. अंग डेव्हिड प्राउजचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. आणि तो श्वास, ज्यावरून सिनेमा न पाहिलेलं माणूसही त्याला ओळखतं, तो ध्वनिरचनाकार बेन बर्ट याने स्कूबाच्या रेग्युलेटरमध्ये छोटा मायक्रोफोन ठेवून घेतला होता. रेग्युलेटर म्हणजे पाणबुड्याने तोंडात धरायचा तो भाग, ज्यातून सिलिंडरची हवा मागू तेवढीच मिळते. हे वाचलं त्या दिवशी मला झोप आली नाही. आमच्या मालवण-तारकर्लीत पावसाळा सोडला तर रोज रेग्युलेटर वाजतात, आणि मी मात्र इंटरनेटवरून उतरवलेली खरखरीत फाइल लावत होतो!

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या स्कूबा गाइडकडून मी अर्ध्या तासासाठी सेट मागून घेतला. पडवीत बसून कॉलर माइक रेग्युलेटरला चिकटवला आणि स्वतःचा श्वास घेतला. वीस-पंचवीस वेळा केल्यावर एक आवर्तन मनासारखं आलं. आत घेताना झडप उघडल्याचा तो कोरडा सुस्कारा, मग अगदी लहानसा थांबा, मग बाहेर सोडताना रुंद, जड आवाज. शांत, सारख्या लयीचा. तो मेमरी कार्डावर घातला, पाम ८४०३ नावाच्या चिपचा रुपयाएवढा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि स्पीकर छातीच्या पेटीमागे बसवला. या कामाचा मला अभिमान आहे. झगा बहिणीने शिवलाय, चिलखत जिममध्ये अंथरतात त्या फोमच्या मॅट हीट गनने वाकवून केलंय, पण श्वास माझा आहे.

शिरस्त्राणाचे दोन भाग असतात, चेहऱ्याचा मुखवटा आणि वरचा घुमट. डोळ्यांना गडद काचा. खाली अजिबात दिसत नाही, त्यामुळे वाळूत प्रत्येक पाऊल चाचपत टाकावं लागतं. आतल्या वाफेने काचा धुरकटतात म्हणून कपाळाजवळ कॉम्प्युटरमध्ये असतो तसा बोटभर पंखा बसवलाय. पंख्याची बॅटरी वेगळी, आवाजाची वेगळी. एकीवर दोन्ही चालवले तर पंख्याची घरघर स्पीकरमध्ये येते, म्हणून मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. खाऱ्या हवेत तांब्याच्या टोकांवर हिरवी पूड चढते. दर कार्यक्रमाआधी ती काढतो. त्या दिवशीही काढली होती.

आणि एक माणूस सोबत लागतो. आतल्याला ना धड दिसत, ना ऐकू येत, ना बसता येत, म्हणून. माझी धाकटी बहीण हे काम करते. वीस मिनिटं झाली की ती मला पाठीमागे नेते, मुखवट्याखालून नळीने पाणी पाजते. मी चालतो कसा, खांदे कसे पडलेत, यावरून ती मला ओळखते.

तर तो शनिवार. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरुवात झाली, आणि पहिल्यापासून त्यात कचरा नुसता उचलत नाहीत, मोजून नोंदवतात. बाटल्या किती, दोरखंड किती, जाळ्यांचे तुकडे किती. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. देवबागच्या पट्ट्यात एका संस्थेने मुलांना घेऊन कार्यक्रम ठेवला होता. माझं काम ठरलं होतं: मुलं गोणी भरून आणतील, मी काट्याशेजारी उभा राहून गोणी तपासेन आणि हाताने ‘आणखी’ अशी खूण करेन. वेडरने बोट दाखवलं की मूल दुप्पट जोराने पळतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पहाटे ओहोटी आणि दुपारच्या आत उधाणाची भरती. म्हणून साडेसहाला सुरू करायचं असं मीच आग्रहाने सुचवलं होतं. पाहुणे साडेआठला आले, भाषणं सव्वानऊला संपली. तोवर मुलं गणवेशात उन्हात बसलेली आणि पाणी वर चढत आलेलं. रात्रीच्या भरतीने आणून टाकलेले थर्माकोलचे तुकडे, चपला, जाळ्यांचे गुंते आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून परत समुद्रात जात होते. त्या जाळ्यांत पावसाळ्यात कासवं अडकून येतात, पंख कापलेली. व्यासपीठावर त्याच कासवांबद्दल बोलणं चाललं होतं. एवढा राग मला क्वचित येतो.

शिरस्त्राण घातलं तेव्हा साडेनऊ झाले होते. पाऊस चार दिवस नव्हता, भाद्रपदातलं ऊन थेट डोक्यावर, वारा पडलेला.

सुरुवात चांगली झाली. आमच्याकडे मुखवट्याला भिणं आणि त्याच्या मागे लागणं दोन्ही मुलांना जन्मापासून माहीत असतं. वरच्या पट्टीत, दापोली-गुहागरकडे, शिमग्यात संकासुर घुंगरं वाजवत दारात येतो. आमच्या दशावतारात तो काळे कपडे घालून मालवणीत बोलतो आणि लोकांना हसवून लोळवतो. काठावर मासे निवडत बसलेल्या एका आजीने मला पाहून हाक दिली, “संकासूर इलो गो!” मुलं हसली, भीती उतरली. एक चारेक वर्षांची मुलगी मात्र रडायला लागली. मी नेहमीप्रमाणे चार पावलं मागे गेलो, गुडघ्यावर बसलो, तळवे उघडे ठेवले, तोंड दुसरीकडे केलं. ती थांबली, पण आईच्या पदराआडून बघत राहिली.

गुडघ्यावरून उठताना पहिल्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. ऊठबस झाली की येते, म्हणून सोडून दिलं.

पंखा कधी थांबला ते मला कळलं नाही. समुद्राच्या आवाजात आणि माझ्याच स्पीकरच्या आवाजात तो तसाही ऐकू येत नाही. काचा धुरकटल्या तेव्हा वाटलं, दमटपणा आहे. बहिणीला आयोजकांपैकी कुणीतरी बाजूला नेलं होतं, पाहुण्यांचे फोटो काढायला दुसरं कुणी नाही म्हणून. वेशातल्या माणसाची सोबत हे काम आहे, ते सोडून जाता येत नाही, हे मी पत्रातही लिहिलं होतं. लोकांना ती रिकामी उभी आहे असंच वाटतं.

मग तो मुलगा आला. आठ-नऊ वर्षांचा, अनवाणी, हातात अर्धी गोणी. त्याने गोणी काट्यावर ठेवली नाही. सरळ माझ्या छातीच्या पेटीला कान लावला.

“हो तर रेगुलेटरचो आवाज,” तो म्हणाला. मग थोडं ऐकून, “पण बुडबुडे खय आसत?”

मी त्या अवस्थेतही चकित झालो. दोन वर्षांत शेकडो माणसांनी तो श्वास ऐकला, आणि तो पाण्याबाहेर घेतलाय हे एकालाही कळलं नव्हतं. मी बोललो नाही, वेडर मुलांशी माझ्या आवाजात बोलत नाही. तो माझ्याभोवती फिरून पाठ बघून आला. “सिलिंडर नाय? किती बार रवले?”

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण दोनशे बार दाब असतो आणि पन्नासावर आला की वर यायचं असतं. हे मला त्या गाइडने सांगितलं होतं. या मुलाला कुणी सांगितलं असेल? घरातलंच कुणीतरी. बाप, काका, भाऊ.

तो पुन्हा समोर आला आणि कान न लावता नुसता बघत राहिला. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पोटाकडे. झग्याच्या फटीतून पट्ट्याच्या वरचा भाग दिसतो, तिथे. मग त्याने अंगठा आणि तर्जनी जोडून गोल केला, बाकीची तीन बोटं वर. आणि थांबला.

फोटोसाठी मुलं नाना खुणा करतात. मी नेहमीप्रमाणे अंगठा वर केला. छान, शाब्बास, या अर्थाने.

त्याचा चेहरा बदलला. त्याने परत तीच खूण केली, हात माझ्या काचेजवळ आणून. मी परत अंगठा वर केला. तेव्हा त्याने गोणी तिथेच टाकली आणि वाळूतून ओरडत धावला, “तेका वर जावचा आसा! तेका वर जावचा आसा!”

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे मस्त नाही. अंगठा वर म्हणजे मला वर न्या. तारकर्लीत डुबकी मारणाऱ्या प्रत्येक पर्यटकाला होडीवरच हे घोकून घेतात. मलाही सांगितलं होतं.

बहीण कॅमेरा कुणाच्या तरी हातात देऊन आली. मुलाने तिला काय सांगितलं ते तिच्याकडून नंतर कळलं: आवाज हळू येतोय, पण पोट भराभर हलतंय. तिने माझ्या झग्याखाली हात घातला आणि तिथेच, काट्याजवळ, सगळ्यांसमोर घुमट उचलला, मुखवटा ओढून काढला. मी अडवायला हात वर नेला होता म्हणे. मला आठवत नाही. आठवतो तो वारा, आणि ओकारी. सुरूच्या सावलीत आडवं केलं, मानेला आणि काखेत ओली फडकी लावली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. दहा-पंधरा मिनिटांत नजर स्थिर झाली.

आणि तेवढा वेळ, मला सावलीत झोपवलेलं असताना, वाळूत पडलेल्या छातीच्या पेटीतून माझा श्वास चालू होता. शांत, सारख्या लयीचा. दोन वर्षांपूर्वी पडवीत बसून घेतलेला.

आयोजकांपैकी एकाने येऊन विचारलं, निदान मुलांच्या पाठीमागे नेऊन का काढला नाही, व्हिडिओ चालू होता. बहिणीने त्याला काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही. रडणारी ती छोटी मुलगी आईचा पदर सोडून पुढे आली होती आणि माझ्या घामाने चिकटलेल्या केसांकडे एकटक बघत होती. ती काय समजली असेल, माहीत नाही. ती आता रडत नव्हती.

घरी येऊन मी पंखा उघडला. टोकं स्वच्छ होती. वायर पंख्याच्या तोंडाशी, आवरणाच्या आत, खाऊन तुटली होती, बाहेरून दिसणारच नाही अशी. दुकानात रोज मी लोकांना सांगतो की गंज आधी आत धरतो.

सर्किट मी बदललंय. आता पंख्यातून वीज जाणं थांबलं की श्वासही थांबतो. घरघर येऊ नये म्हणून मध्ये एक मोठा कपॅसिटर टाकला, तरी थोडी येतेच. आवाज पूर्वीइतका शुद्ध राहिला नाही. आणि बहीण आता दर पाच मिनिटांनी बोटांचा गोल करून दाखवते, मी गोल करून उत्तर देतो. अंगठा कुणालाच दाखवत नाही.

पण मी ज्याच्याशी अडून बसलोय ते हे नाही. बहीण माझ्यासोबत चार वर्षं आहे. ती त्या दिवशी जवळ असती, तरी तिला कळलं असतं का? ती म्हणते, नक्की. मग थोड्या वेळाने म्हणते, आवाज चालू होता ना रे दादा. माझ्या बाजूने विचार करतो तेव्हा तर आणखी कठीण होतं, कारण मी स्वतःही तोच आवाज ऐकत होतो. आत धाप लागलेली असताना कानात माझाच शांत श्वास येत होता, आणि बहुतेक मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

त्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं. मी उठून बसलो तेव्हा तो अंतरावर उभा होता, गोणी परत खांद्यावर घेतलेली. मी हाताने बोलावलं. जवळ आला, मुखवट्याकडे पाहिलंही नाही, माझ्याकडेच बघत होता.

“कान दुखतत?” त्याने विचारलं.

भराभर वर आलं की पाणबुड्याचे कान दुखू शकतात. मी नाही म्हणालो. त्याने पुन्हा बोटांचा गोल केला, मीही केला, आणि तो गोणी काट्यावर ठेवायला गेला. साडेतीन किलो भरली. सगळं जाळंच होतं.